टीएमसीकाका

सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी "काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं, की काका स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलत नाहीत. "वरसगाव भरत आलंय, टेमघर मात्र मागे आहे," म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तरी पाणी काही डोक्यातून उतरलेलं नाही. पोरांनी त्यांचं नाव टीएमसीकाका ठेवलंय. पुण्याची चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी, त्यात एकट्या खडकवासल्याचे जेमतेम १.९७, हे बालवाडीतल्या नातीलाही पाठ आहे. अर्थात काकांना एकट्यालाच कशाला हसायचं? जुलैत राशिभविष्याच्या आधी धरणसाठा वाचणारं गाव आहे हे.

अशा माणसाला सून म्हणाली, "बाबा, यंदा मे महिन्यात कुठेतरी डोंगरातल्या तळ्याकाठी जाऊ या. निवांत."

'निवांत' काकांच्या कानावरून गेलं. "तळं नैसर्गिक की बांधलेलं?"

झालं. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि वरणभात ओट्यापाशी उभ्यानं खायची पाळी आली. महाबळेश्वरचं वेण्णा लेक पहिल्याच बैठकीत गेलं. "साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधलंय ते." भंडारदरा? "विल्सन धरण, १९२६. जन्मभर धरणांवर डबे खाल्ले, आता पैसे भरून तेच करू?" मुलानं तापोळ्याचं नाव काढलं, वर 'मिनी काश्मीर' हे शब्दही वापरले. काकांनी चष्मा काढला. "कोयनेचं बॅकवॉटर आहे ते. काश्मीर म्हणे!"

मग मंडळी दक्षिणेकडे वळली. उटीचं तळं सलिव्हन नावाच्या कलेक्टरानं करवलेलं, कोडाईकनालचं १८६३ साली लेव्हिंजसाहेबानं. दोन्ही बाद. इंग्रजाला थंड हवा लागली की ओढा अडवायची हुक्की यायची, असा काकांचा सिद्धान्त आहे आणि त्यात तथ्य नाही असं मला तरी म्हणवत नाही. सह्याद्रीत मुळात तळी का नाहीत, यावर त्यांनी सुनेला पाऊण तास दिला. हिमालयात हिमनद्यांनी खड्डे कोरून ठेवलेत. आपल्याकडे पाऊस बदाबदा कोसळतो आणि उतारावरून पसार होतो. भिंत घातल्याशिवाय थांबतो कुठे? "अस्सल म्हणावं तर आपलं लोणार. उल्का आदळून झालेलं. पाणी खारं आहे, एवढंच."

"मे महिन्याच्या उन्हात, खाऱ्या पाण्याकाठी," काकू आतून म्हणाल्या, "म्हणजे आमचं लोणचंच घाला की!"

शेवटी नैनिताल मंजूर झालं. तळं अस्सल, बांधलेलं नाही. आता तरी तिकिटं काढायची, तर रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आलेलं. ही बातमी काकांनी घरातलं कुणी गेल्यासारखी ऐकली. "साठ दिवसांत काय नियोजन होतं? साठ दिवसांत आमच्याकडे निविदासुद्धा निघत नसे." पुणे-दिल्ली, दिल्ली-काठगोदाम, पुढे घाटरस्ता, असा तक्ता त्यांनी तरीही केला; त्यात 'अनपेक्षित विलंब' या रकान्यातही वेळ लिहिलेली होती.

हॉटेल निवडताना १८८० सालची दरड आडवी आली. तिच्यात १५१ माणसं गेली होती. त्यामुळे जरा उताराखालचं दिसलं की हॉटेल रद्द. त्यातच त्यांना कळलं की मे महिन्यात नैनी तलावाची पातळी पार खाली गेलेली असते. "रिकामं तळं बघायला एवढं जायचं? ऑगस्टमध्ये जाऊ."

"बाबा," मुलगा थंडपणे म्हणाला, "तुमची ती दरड पावसातच पडली होती."

त्या रात्री काकांनी निमूटपणे मे महिना मान्य केला.

पुढचं सुनेनं सांगितलं. पहिल्याच सकाळी तळ्याच्या तल्लीताल टोकाला काकांना पाण्याच्या वाटेवर चक्क दरवाजे दिसले. अस्सल नैसर्गिक तळं आणि त्याला गेट! घरच्यांना वाटलं, आता ट्रिप गुंडाळून परतायचं. मुलानं तर त्यांचा दंडच धरला. पण काकांचा चेहरा लग्नाच्या फोटोतही नाही इतका फुललेला. सगळे नावेत बसायला गेले, काका गेटवरच्या माणसाकडे.

"तुम्हारे इधर विसर्ग कितना सोडते?"

"साहब, छोड़ें क्या? पानी ही नहीं है."

"हमारे उधर भी मे में ऐसाच होता है," काका म्हणाले आणि त्याच्या शेजारच्या कठड्यावर ऐसपैस बसले. नावेची एक फेरी झाली, दुसरी झाली. काकू बोलवायला आल्या, तेव्हा दोघांचा दुसरा चहा चालू होता आणि तो माणूस बोटांवर मोजत म्हणत होता, "पानशेत, वरसगांव, टेमघर... और चौथा कौन सा बताया आपने?"