ग्रीसमध्ये शिडाची बोट कशी घ्यावी, आणि मुख्य म्हणजे कशी उभी करावी

आधी जाहिरातीतले फोटो बघणं थांबवा. त्यात शीड फुगलेलं असतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं हसत असतात. नांगर एकाही फोटोत नसतो. तुमची सुट्टी मात्र त्या नांगराभोवतीच जाणार आहे.

कागदपत्रं. चालकाशिवाय बोट हवी तर एकाकडे परवाना लागतो, आणि सोबत आणखी एक जाणता माणूस. या दुसऱ्याने आपण जाणते आहोत एवढं लिहून दिलं तरी चालतं. इथे मेहुण्याला पुढे करा. त्याला सगळंच कळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा कान उपटणारा. काळे ढग दिसले की सावध व्हायचं, ही आपली कोकणी सवय तिथे कुचकामी. म्हणून सिक्लाडीझ बेटं पुढच्या खेपेला ठेवा. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून निघून एजिना, पोरोस, हिद्रा एवढंच करा. एजिनाला पिस्ते घ्या; परतल्यावर वाटायला काहीतरी हवंच.

बोट शनिवार ते शनिवार मिळते. म्हणजे शनिवारी संध्याकाळी ताब्यात, आणि शुक्रवारी रात्री बहुधा परत मरीनात. याला सात दिवस म्हणतात. कडक सुटकेस नेऊ नका, ठेवायला जागा नसते. संडासात कागद टाकू नका. टाकलात तर पंप कोणी उघडायचा, यावरून घरातले संबंध कायमचे बदलतात.

आता खरी परीक्षा. इथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठ लावून उभी करतात. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत उलटं यायचं, मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे, मग साखळी ताणायची. वाचायला सोपं आहे. पण बोट उलटी चालवली की पंख्याच्या फिरण्याने तिची पाठ एका बाजूला सरकते, वारा नाक दुसरीकडे वळवतो, आणि सुकाणूवरचा नवरा ओरडतो ते नांगराजवळच्या बायकोला इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. हातवारे आधी ठरवून ठेवा. ‘थांब’ आणि ‘मूर्ख आहेस का’ या दोन खुणा वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

हिद्राचं बंदर इवलंसं. बेटावर मोटारी नाहीत, सामान गाढवं-खेचरं वाहतात. त्यामुळे धक्क्यावरच्या कॅफेंत बसलेल्यांना वाहन म्हणून बघायला तुम्हीच. जागा नसली की बोटी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत लागतात, आणि सकाळी तुमच्या नांगराबरोबर शेजाऱ्याची साखळीही वर येते. घाबरू नका. तिच्याखालून एक दोर घालून ती आपल्या बोटीला टांगा, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करा, मग दोर सोडून द्या. मेहुण्याला या वेळी ब्रेड आणायला पाठवा. लेनर्ड कोहेनने १९६० साली हिद्रावर घर घेतलं होतं. घर. बोट नव्हे.

बोट एकदाची बांधून झाली की अनामत रक्कम शाबूत आहे का, हे बघायला मागची बाजू तपासा आणि थेट कॅफेत जा. खुर्ची बंदराकडे तोंड करून घ्या. पुढची बोट येतेच आहे, आणि नांगर फार जवळ टाकतेय.