तू फक्त ये

स्थानिक मित्र ही जात सगळीकडे एकच. तो मांडवीतल्या बेटावर जन्मलेला असो की मोताळा तालुक्यातल्या काळ्या मातीत, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तू फक्त ये. बाकीचं माझ्यावर सोड." या वाक्यावर विसंबून ज्यानं बॅग भरली, त्याला परत आल्यावर काय काय पाहिलंस हे विचारू नये. कोणाकोणाकडे चहा झाला, एवढंच विचारावं.

मी धामणगाव बढ्याचा. धामणगाव म्हटलं की लोकांना अमरावतीकडचं धामणगाव रेल्वे आठवतं. मग सांगावं लागतं की आमच्या धामणगावाला रेल्वे नाही, बढे आहे. गाडी पकडायला आम्ही मलकापूरला जातो. समुद्र आम्ही भूगोलात वाचला. भरपूर पाणी म्हणजे नळगंगेचं धरण, तेही पाऊस झाला तर. अशा माणसाला पुण्याच्या नोकरीत शेजारच्या टेबलावर चक्क बेटावरचा सहकारी मिळाला. गोव्यातल्या दिवाडी बेटाचा. त्याचं आडनाव वेगळं आहे, पण ऑफिसात त्याला सगळे दिवाडकरच म्हणतात. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "एकदा शनिवार-रविवार ये रे. तू फक्त ये."

दिवाडी हे जुन्या गोव्याच्या समोर, मांडवीच्या पात्रातलं बेट. रस्त्याचा पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा पलीकडे नार्व्याहून फेरीबोटीनं जायचं. पायी माणसाला आणि दुचाकीला तिकीट पडत नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभा राहिलो आणि फोन केला. "पाचच मिनिटं," दिवाडकर म्हणाला. स्थानिक मित्राची पाच मिनिटं नदीच्या हिशेबानं चालतात. एक बोट आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरीवर तो स्वतः कठड्याला टेकून उभा होता. उतरला नाही, तिथूनच ओरडला, "चढ, चढ!" बोटीची फळी धक्क्याला टेकली तशा स्कूटरी फटफटत खाली आल्या, मी त्यांच्यामधून अंग चोरत वर चढलो. फळी वर ओढणाऱ्यानं दिवाडकराला विचारलं, "खंयचो?"

"म्हजो इश्ट. नागपूरचो."

धामणगाव बढ्याहून नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तेवढ्यात माशांची पाटी घेऊन बसलेल्या बाईंनी नागपूरच्या संत्र्यांचा भाव विचारला. विचारणारीचा चेहरा इतका अगत्याचा होता की मी भाव सांगून टाकला. तेव्हापासून दोन दिवस मी नागपूरचा होतो.

स्थानिक मित्राचं दुसरं लक्षण, आपण नेहमी चुकीच्या वेळी आलेलो असतो. "अरेरे, फेब्रुवारीत काय आलास! ऑगस्टात यायचं, बोंदेरामला." ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेराम असतो. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होत, हद्दीला लावलेली निशाणं लोक पाडत. त्याच भांडणाची आता मिरवणूक झाली आहे. निशाणं असतात, चित्ररथ असतात आणि पोरं बांबूच्या फोटाशीतून रानफळं फटाफट उडवतात. हे सगळं दिवाडकरानं हातवारे करून इतक्या तपशिलात सांगितलं की प्रत्यक्ष पाहायचं काही उरलं नाही. पुढे तो म्हणाला, "नाहीतर मग एप्रिलात यायचं, काजूच्या हुर्राकाच्या दिवसांत." मग म्हणाला, "खरं तर पावसातच यायचं." मी आलो तो महिना सोडून बाकी सगळं वर्ष दिवाडीला यायला योग्य होतं.

तिसरं लक्षण सगळ्यांत महत्त्वाचं. गाइड आपल्याला गाव दाखवतो. स्थानिक मित्र आपल्यालाच गावाला दाखवतो. धक्क्यापासून त्याचं घर पायी फार लांब नव्हतं. वाटेत पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल थांबली, पंचायतीतले कोणी थांबले, एका घराच्या बलकांवात, म्हणजे ओसरीत, बसलेल्या म्हाताऱ्यानं काठीनंच बोलावून घेतलं. प्रत्येक ठिकाणी मला पुढे करण्यात आलं. लग्नाला आलेल्या पोरासारखं मला खालीवर न्याहाळण्यात आलं. जेवलो का, झोपणार कुठे, लग्न झालंय का, एवढं कळल्यावरच आमची सुटका झाली. दुपारी एकनंतर दुकानं मिटली तेव्हा वाटलं, आता तरी बेट बघू. तर दिवाडकर म्हणाला, "आता सगळे घरी सापडतील."

त्यातला एक मामा म्हणजे स्वतंत्र प्रकरण. पानात हुमण आणि तळलेले शेवटे वाढून झाले, माशाचे काटे कसे काढायचे याचं विदर्भाला प्रात्यक्षिक देऊन झालं, आणि मामांनी शेताचा विषय काढला. मी शेतकऱ्याच्या घरचा, कान टवकारले. बेटाभोवतीची सखल जमीन म्हणजे खाजन. नदीचं पाणी भरतीला खारट होतं, म्हणून बांध घालायचे आणि बांधात मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात. माणसानं फक्त लक्ष ठेवायचं. आत कोरगूट नावाचा भात, तो थोडा खारटपणा सोसतो. मानशीपाशी जाळं लावलं की मासळीही मिळते. एकाच जागी भात आणि कालवण दोन्ही! आमच्याकडे कपाशीला पाणी नाही म्हणून रडणं. इथे पाणी आत येऊ नये म्हणून शतकानुशतकांची राखण. मामा दोन तास बोलले. दिवाडकर तेवढ्यात पडवीत निजला होता, कारण त्याच्या मते यात दाखवण्यासारखं काही नव्हतं.

इतिहासाचं मात्र दिवाडकराला फार. मूळ सप्तकोटेश्वर दिवाडीचाच, गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. 1560 मध्ये पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. महाराजांचं नाव निघताच मी म्हणालो, "चल, जाऊ या." नार्व्याच्या फेरीपर्यंत गेलोही. तिथे त्याचा वर्गमित्र भेटला. नार्वे नदीच्या पलीकडे आहे, हे माझ्या डोळ्यांनी नक्की झालं.

संध्याकाळी टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चकडे नेलं. तिथून मांडवी, खारफुटी आणि पलीकडे जुन्या गोव्यातली चर्चं एका नजरेत दिसतात. नजर टाकतो न टाकतो तोच दिवाडकरानं शेजारच्या दफनभूमीत ओढलं. तिथल्या छोट्या चॅपेलच्या छताला जुन्या देवळातलं कदंबकालीन कोरीवकाम आहे. "वर बघ," म्हणाला. मी वर बघितलं. "बघितलंस? आता इकडे ये." एका कबरीपाशी थांबून त्यानं चप्पल काढली. "हे आमचे गणिताचे मास्तर." मग कबरीकडे वळून अदबीनं म्हणाला, "सर, म्हजो इश्ट. नागपूरचो." मीही हात जोडले. वारलेल्या मास्तरांपुढे भूगोल कशाला काढायचा!

दोन दिवसांत पाकिटाला हात लावू दिला नाही. सरबताच्या दुकानात मी नोट पुढे केली तर दुकानदारानंच ती परत ढकलली. दिवाडकरानं डोळ्यांनी आधीच दम दिलेला असावा. निघताना मामींनी कोकमं बांधून दिली. बोट सुटल्यावर तो धक्क्यावरून ओरडला, "काहीच बघितलं नाहीस रे! ऑगस्टात ये!"

ऑगस्टाआधी तोच आला. आमच्याकडे, भर मे महिन्यात. त्याला शेगाव, अजिंठा, लोणार तिन्ही पाहायचे होते. यादी फोनमध्ये लिहून आणली होती. मी त्याला मलकापूरच्या स्टेशनावर उतरवून घेतलं आणि माझ्या चुलतभावाच्या हवाली केलं. चुलतभाऊ म्हणाला, "मे महिन्यात काहून आले बाप्पा? हुरड्याच्या टायमाले याले पायजे होतं!" दिवाडकर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग आमरस. एका घरी, दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. प्रत्येक ठिकाणी कुरडई, प्रत्येक ठिकाणी "एक वाटी अजून घ्या, गोव्याले भेटते का असा?" गावात त्याची ओळख "मुंबईचे पाहुणे" अशी झाली. त्यानं पणजी, मांडवी, बेट असं सगळं सांगून पाहिलं. ओट्यावरच्या मंडळींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यात थोरल्यानं खालच्या आवाजात विचारलं, "तिकडं लय स्वस्त भेटते म्हणतात?" काय ते सांगायची गरज पडली नाही. त्यानं भाव सांगून टाकले.

रविवारी दुपारी उन्हात एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्याकडे जाताना त्यानं फोनमधली यादी काढली. लोणारचं सरोवर उल्कापातानं झालेलं आहे, 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला आहे, निदान तेवढं तरी दाखवा, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. अजून एक मामा राहिले होते. चुलतभावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, लोणार कुठी पळून चाललं? मामा मातर ब्याऐंशीचे झाले. चला, च्या थंडा होऊन राह्यला."