क्लच कुठाय?

येडशीचा माणूस घाटाला भीत नाही. गावाला खेटून रामलिंगचं अभयारण्य, बालाघाटाचे चढउतार, श्रावणात देवळाकडे लागलेली रीघ आणि तिला न जुमानणारी माकडं. एवढ्यातून गाडी काढणाऱ्याला बर्फाचं काय कौतुक? तरीही गुलमर्गला निघाले तिघे: तात्या ट्रॅक्टरवाले, झेडपीच्या शाळेतले सर आणि तात्यांचा पुतण्या. पुतण्याकडे बुलेट आहे, हे तो विचारायच्या आधीच सांगतो.

टंगमर्गला भाड्याने गमबूट आणि लांबलचक कोट मिळाले. सरांचा कोट इतका मोठा होता, की आत सर आहेत हे आवाजावरूनच कळायचं. तिथून वर गुलमर्ग, समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटर. गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला थांबतो, दुसरा अफरवटच्या अंगावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत चढतो. तिघांनी गोंडोला नाकारला. पुतण्याचं म्हणणं, बसून जायला एसटी काय वाईट होती?

त्याऐवजी ठरली स्नोमोबाईल, म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा पट्टा. कॅनडातल्या जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए यांनी अशा पट्ट्याच्या गाडीचं पेटंट १९३७ साली घेतलं. एकट्यादुकट्याने उडवायची हलकी गाडी त्यांच्या कारखान्यातून १९५९ साली आली. तात्यांनी वाकून पट्टा पाहिला, दाबला आणि पसंत केला.

चालक तिथलाच, मागे बसणारा. सपाटीवर हँडल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पुतण्याने ते घेतलं आणि सवयीने मूठ पिळली. गाडी ढिम्म. रेस अंगठ्याने दाबायची असते, हे कळेपर्यंत दोन मुठी पिळून झाल्या होत्या. मग गाडी सुटली ती थेट चढाला लागली. चालक मागून ओरडतोय, "गॅस छोडना मत!" आणि पुतण्याचा डावा पाय गिअर शोधतोय. गिअर नव्हताच, या गाडीत बेल्ट आपोआप वेग जमवतो. तेव्हा त्याने डाव्या हाताचा लिव्हर क्लच समजून करकचून आवळला.

तो ब्रेक होता.

भुसभुशीत बर्फात चढावर थांबणं म्हणजे बुडणं. पट्टा जागच्या जागी फिरला, स्वतःसाठी खड्डा खणला आणि दोनशे किलोंहून जड गाडी सीटपर्यंत आत बसली. पुतण्याने आणखी रेस दिली.

"आरं, रेस देऊ नको!" तात्या मागच्या गाडीवरून उतरले ते मांडीपर्यंत रुतले. तरी त्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्याचं समाधान होतं. काळ्या रानात, भर पावसात रुतलेला ट्रॅक्टर त्यांनी किती वेळा काढलाय! पोटाखालचं काढा, पुढचं तुडवून वाट करा, मग हळू. चालक थक्क झाला. तोही हेच सांगणार होता. एक स्की त्याने ओढली, दुसरी तात्यांनी.

पुढे आडवा उतार आला. अशा जागी गाडी दरीकडे घसरते, म्हणून अंगाचा भार डोंगराच्या बाजूला टाकावा लागतो. पुतण्या ऐटीत सरळ बसला आणि दोनदा लोळला. सर मात्र दरी दिसताच जिवाच्या आकांताने डोंगराला जवळजवळ मिठी मारून बसले. चालकाने त्यांना शाबासकी दिली. सरांनी डोळे उघडले नसल्यामुळे ती त्यांना दिसली नाही.

पुतण्याला अजून वर जायचं होतं. चालकाने साफ नकार दिला. वरचे उभे उतार कधी सुटतील याचा नेम नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक गेले. बर्फाखालचा माणूस शोधणारं यंत्र, काठी आणि फावडं घेतल्याशिवाय जाणकारही तिकडे फिरकत नाहीत. पुतण्या पहिल्यांदाच गप्प बसला.

खाली कहवा घेताना तात्यांनी चौकशी केली: ही गाडी भादव्यात आमच्या रानात चालंल का? चालकाने मान हलवली. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्यांना वंगण बर्फाचंच. चिखलात त्या तापून झिजतील.

"म्हंजे बर्फ संपला की बसून खाणार," तात्या म्हणाले. "परवडायचं न्हाई."

"तात्या, तुमचं मळणीयंत्र वर्षातनं किती दिवस चालतं?" कोटातून आवाज आला.

तात्यांनी आणखी एक कहवा सांगितला.