अव्वल चढाईचे दप्तर

ज्या मुलखात नदी आहे तेथे पूर आहे, आणि ज्या मुलखात कबड्डी आहे तेथे भाऊसाहेब आहेत. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना सावित्री नदी आहे आणि कबड्डीचा संघ तर वाडीवाडीला आहे. त्यामुळे पुराची जशी, तशी भाऊसाहेबांचीही या मुलखास कधी ददात भासलेली नाही. महाडच्या एस. टी. स्थानकावर पोलादपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात, बिरवाडीतल्या एखाद्या केशकर्तनालयात, किंवा कशेडी घाट चढण्यापूर्वी मालमोटारींचे चालक ज्या टपऱ्यांवर चहाला थांबतात तेथे आपण क्षणभर कान देऊन उभे राहिलो, तर ‘त्याच्यासारखा चढाईला जाणारा पुन्हा झाला नाही’ हे वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही. आणि ज्या मुखातून ते पडते त्याच्या धन्याचे पाळण्यातले नाव काहीही असले, तरी वृत्तीने तो गृहस्थ भाऊसाहेबच असतो.

माझ्या माहितीतले भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले आहेत. सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि वारसांचे अर्ज यांत उभी हयात गेल्यामुळे, जगातील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नावे असलीच पाहिजे, आणि ज्याच्या नावे ती असेल त्याच्याविरुद्ध कोणाची तरी हरकतही असलीच पाहिजे, असा त्यांचा दृढ ग्रह होऊन बसला आहे. गावच्या मंडळाच्या संघात गेल्या पंचवीस वर्षांत सर्वश्रेष्ठ चढाईपटू कोण झाला, हा प्रश्न त्यांच्या लेखी आवडीनिवडीचा नसून वहिवाटीचा आहे. ते स्वतः कधी मैदानात उतरले होते काय, हे विचारण्याचा प्रघात नाही. पूर्वी ते सामन्यांचे गुणलेखक होते एवढे सर्वांस ठाऊक आहे, आणि ज्याने गुण लिहिले त्यास ते मिळवणाऱ्याहून थोडा अधिक अधिकार पोहोचतो, हे आपल्याकडे कचेरीपासून विद्यापीठापर्यंत सर्वमान्य आहे.

या वतनाचे दावेदार चार. त्यांची नावे मी देत नाही, कारण तेथेही ती कोणी घेत नाही. पहिला ‘डावखुरा’. हा मातीवरचा, अनवाणी खेळणारा. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात पाणी मारून, धुम्मस करून जे क्रीडांगण सिद्ध होई त्यावर वाढलेला. दम घालीत तो सावकाश निदान रेषेपर्यंत जाई, निघाला असे वाटे तोच उलटा वळे, आणि समोरच्याच्या मांडीला हात लावून मध्यरेषेवर असा परते की बाद झालेल्या गड्यास आपण बाद झालो हे पंचाच्या बोटावरून कळे. दुसरा ‘बिरवाडीकर’. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपायचे आणि संध्याकाळी खेळायचे, असा त्याचा क्रम. चपळाई बेताची, परंतु अंगात बळ असे की दोघांनी कंबर धरली आणि तिसऱ्याने घोटा, तरी तिघांसह मध्यरेषेला बोट टेकवल्यावरच तो खाली पडे. तिसरा पोलादपूर तालुक्यातल्या उमरठकडचा. तो बोनसचा सावकार. समोर सहा किंवा सात गडी असल्याखेरीज बोनस गुण मिळत नाही, म्हणून प्रतिपक्षाचा संघ भरलेला असेतो हा आपला एकेक गुण व्याजासारखा वसूल करी, आणि गडी कमी झाले की एकाएकी त्याच्या पायात गोळा येई. चौथा म्हणजे हल्लीचा पोरगा, बूट घालून मॅटवर खेळणारा, ज्याची प्रत्येक चढाई खेळून संपण्यापूर्वीच कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत जमा झालेली असते.

भाऊसाहेबांचे मत डावखुऱ्याला. उमरठच्या सावकाराची वकिली एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक करतात. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, आणि ते पोलादपूरचे असल्यामुळे त्यांच्या पक्षात इतिहासाचा आधार पहिल्याच वाक्यापासून येतो. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्या मातीतला गडी दुय्यम कसा असेल, असा त्यांचा सवाल. “गुरुजी,” भाऊसाहेब पेला खाली ठेवून म्हणतात, “तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा बोनस गुणावर घेतला नव्हता.” यावर गुरुजी कवींद्र परमानंदांच्या समाधीचा हवाला देतात, ती पोलादपुरात आहे, तेव्हा शौर्याचे वर्णन कसे करावे हे महाडकरांनी आम्हांस शिकवू नये, असा त्यातला गर्भितार्थ. मग महाडकर चवदार तळ्यापासून रायगडापर्यंत आपली मालमत्ता एकेक करून दाखल करतात. कबड्डीचा विषय अशा रीतीने तासभर तहकूब राहतो, आणि चहा मात्र चालू राहतो.

टपरीशेजारी भ्रमणध्वनी दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक तरुण आहे, तो चौथ्या दावेदाराच्या बाजूचा. त्याच्यापाशी आकडे असतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे कबड्डीचा आरंभ त्याच साली झाला अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगासमोर करून दाखवला, शंकरराव तथा बुवा साळवींनी तो देशभर पोहोचवण्यासाठी जन्म वेचला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यास पदक मिळू लागले, ही सर्व पूर्वपीठिका भाऊसाहेब त्यास ऐकवतात, तो ती सभ्यपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, “पण काका, परदीप नरवालने २०१७ साली एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतलेत. त्याच हंगामात आपल्या रिशांक देवाडिगाने २८.”

“कशावर?”

“मॅटवर.”

“मग त्यांची नोंद निराळ्या वहीत होईल,” असे म्हणून भाऊसाहेब प्रकरण निकालात काढतात. पुढे जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादेस रिशांकच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले, तेव्हा मात्र त्यांनी टपरीवर पेढे वाटले. तोही सामना मॅटवरच झाला होता, ही बाब त्यांच्या नजरेस कोणी आणली नाही. पेढे खाताना हरकत नोंदवण्याची चाल आमच्याकडे नाही.

तथापि भाऊसाहेबांच्या आडमुठेपणात तथ्यांश नाही असे मला म्हणवत नाही. मातीवर अनवाणी पाय रुततो, म्हणून तेथे पवित्रा महत्त्वाचा; मॅटवर बूट धरून ठेवतो, म्हणून तेथे वेग महत्त्वाचा. त्यात आता चढाईस तीस सेकंदांची मुदत, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवण्याची सक्ती; मिळाला नाही तर गडी बाद. डावखुऱ्याच्या काळी दम टिकवून, प्रतिपक्षास दमवून, हात हलवीत परत येणे ही मुत्सद्देगिरी समजली जाई आणि त्यास टाळ्याही पडत. आजच्या नियमांत त्याच मुत्सद्द्यास दर तिसऱ्या खेपेस जिवावर उदार व्हावे लागले असते. तो टिकला असता की नाही, हे सांगण्याचे कोणतेही साधन मनुष्याच्या हाती नाही, आणि वाद अक्षय्य राहण्यास एवढे पुरेसे आहे.

साधनांचा विषय निघालाच आहे तर गुणपत्रकांची हकीकत सांगितली पाहिजे. भाऊसाहेबांनी आपल्या हस्ताक्षरातली जुनी गुणपत्रके पत्र्याच्या पेटीत जतन केली होती. जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेले, माणसे पोटमाळ्यांवर आणि गच्च्यांवर जीव मुठीत धरून बसली. घरातले सारेच गेले तेथे पेटीचा शोक कोण करणार? परंतु महिनाभराने चिखल उपसून झाल्यावर टपरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाऊसाहेबांच्या पक्षास अकस्मात बळकटी आल्याचे सर्वांच्या लक्षात आले. पुरापूर्वी डावखुऱ्याने अंतिम सामन्यात अकरा गुण घेतले होते. पुरानंतर ते सतरा झाले. “पत्रक दाखवा,” गुरुजी म्हणाले. “पत्रक पुरात गेले,” भाऊसाहेब शांतपणे उत्तरले. ज्या कागदास प्रतिकागद नाही त्याचे खंडन कोणत्याच न्यायासनापुढे होत नाही, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीचे सार त्या उत्तरात होते. पुढल्याच आठवड्यात गुरुजींच्याही घरचे काही कागद त्याच पुरात गेल्याचे उघडकीस आले. गुरुजींचे घर टेकडीवर आहे.

या दप्तरास खरा धक्का एकदाच बसला, आणि तो घरातून. भाऊसाहेबांची सून महाविद्यालयात असताना स्वतः चढाईला जात असे, ही गोष्ट लग्नाच्या बोलण्यांत कोणी काढली नव्हती. एका रविवारी पडवीत चौघांच्या गुणावगुणांची छाननी चालली असता ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा, २०१२ साली पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या भारताच्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या. सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ. तुमच्या चौघांतला जिल्ह्याच्या संघात तरी कोण होता?” पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, हा अर्ज या दाव्याच्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगितले, आणि चहात साखर कमी असल्याचा शेरा मारला.

या सर्व वादविवादात टपरीचा मालक कधीही तोंड उघडत नाही. तो त्याच संघाचा डावा कोपरारक्षक होता. डावखुरा, बिरवाडीकर आणि उमरठचा, या तिघांचेही घोटे सरावात त्याने वर्षानुवर्षे धरलेले आहेत. कोणाचा पाय निसटे आणि कोणाचा निसटत नसे, हे त्याच्या पंज्यास जितके ठाऊक आहे तितके कोणत्याही गुणपत्रकास नसेल. संघ जे सामने जिंकला त्यांतले निम्मे तरी त्याच्या पकडींवर जिंकला असेल, असा माझा अंदाज आहे. पण पकड करणाऱ्याचा पुतळा मनात उभारण्याची आपली रीत नाही, आणि सर्वश्रेष्ठ कोपरारक्षक कोण या विषयावर चहाचा एक पेलाही आजवर खपलेला नाही. घाटावरून उतरलेल्या एका परक्या चालकाने एकदा सहज त्यालाच विचारले, “शेठ, तुम्ही सांगा ना, कोण भारी?” मालकाने गाळणे बाजूस ठेवले आणि तो काही बोलणार, तोच भाऊसाहेबांनी हात वर केला. “याची साक्ष चालणार नाही. हा हितसंबंधी इसम आहे. हा त्यांच्याबरोबर खेळलेला आहे.” गुरुजींनी या मुद्द्यावर भाऊसाहेबांस तत्काळ दुजोरा दिला. त्या दोघांचे एकमत झालेला हा एवढाच प्रसंग मला स्मरतो.

गेल्या हंगामात गावात रात्रीचे सामने भरले. मंडळाने मॅट भाड्याने आणली होती आणि प्रखर दिव्यांखाली पंचक्रोशी लोटली होती. उत्तरार्धात आमच्या संघाचे दोनच गडी उरलेले, लोण डोक्यावर, आणि तिसरी चढाई. तो बुटवाला पोरगा निघाला. अशा घटकेस भाऊसाहेब गुरुजींकडे पाठ फिरवून बसतील ही अपेक्षा व्यर्थ होती. “या जागी डावखुरा असता तर,” असे म्हणून ते खुर्चीतच मागे वळले, आणि डावखुऱ्याने या जागी काय केले असते ते गुरुजींस हातवाऱ्यांनिशी समजावू लागले. गुरुजीही प्रत्युत्तरासाठी त्यांच्याकडेच तोंड करून बसले. त्यांच्या वाक्याचे क्रियापद यायच्या आत मैदानात एकच गदारोळ उठला; पोराने एका चढाईत चौघांना टिपले होते, सारा गाव उभा राहिला होता, आणि सबंध प्रेक्षागारात ती चढाई न पाहिलेले दोनच इसम होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर भाऊसाहेबांनी त्या चढाईचे साद्यंत वर्णन केले. चौथा गडी पायाने टिपला की हाताने, या मुद्द्यावर त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या तिघांना खोटे पाडले. आणि भ्रमणध्वनीवाल्या तरुणाने चित्रफीत काढून समोर धरली, तेव्हा ती चुकीच्या बाजूने घेतली असल्याचे त्यांनी त्यास दाखवून दिले. गुरुजींनी मान डोलावली. त्यांनाही तसेच दिसले होते.