हाताने सूर्यनमस्कार, पायाने ॲक्सिलरेटर

समृद्धी महामार्गालगत कारंजा लाडला ५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आला, हे उत्तमच झालं. त्याची वीज सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांसाठी आहे. पण त्याच महामार्गावर गाड्या ताशी १२०ने धावतात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०ऐवजी १२० धरले की तो सव्वादोन पट. वेळ वाचतो ना, असं कुणी म्हणेल. वाचतो, आणि पुढच्या ढाब्यावर मोबाइल पाहण्यात जातो. डिझेल मात्र जळून गेलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ५ मेगावॅटने होणार काय? हिशेब लाजिरवाणाच आहे. असा प्रकल्प दिवसाला साधारण वीस हजार युनिट देतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचा २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर कोळसा जाळून तेवढी वीज पाच मिनिटांत काढतो. म्हणूनच उन्हाचं प्रत्येक युनिट जपायला हवं. आपण काय करतो? पंपाला ऑटोस्विच लावतो. लाइन आली की पंप आपोआप सुरू, मालक गावात, पाणी धुऱ्यावरून शेजाऱ्याच्या वावरात. साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ, मग बटण दाबायला जायचं कशाला? ऊन फुकट आहे हे मान्य, पण विहिरीतलं पाणी उन्हाने भरत नाही, आणि दिवसा उधळलेली वीज वाचली असती, तर तेवढा कोळसा कमी जळला असता. तेव्हा नवं पॅनेल मागण्याआधी तो ऑटोस्विच काढा.