कस्टमचे कलासमीक्षक

मराठीत आता कलासमीक्षा उरली नाही, अशी ओरड अधूनमधून कानावर येते. साफ खोटी. मुंबईच्या कस्टम खात्यात समीक्षक आहेत, सरकारी पगारावर आहेत आणि एकेका चित्रापाशी वर्षभर थांबण्याची त्यांची तयारी असते. जहांगीर कलादालनात चित्राला इतका वेळ कोण देतो? तिथे निम्मे लोक एसीसाठी येतात.

एप्रिल २०२३. विलायतेतल्या लिलावांत घेतलेल्या ७ कलाकृती, ४ फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या आणि ३ अकबर पदमसींच्या, मुंबईत उतरल्या आणि अडकल्या. त्यांतल्या माणसांच्या अंगावर कपडे नव्हते. काही माणसं तर नुसती उभीही नव्हती! १ जुलै २०२४ ला समीक्षा प्रसिद्ध झाली: अश्लील. माल जप्त, वर ५० हजारांचा दंड. जाणकारांची मतं पुढे ठेवली होती, पण साहेब बधले नाहीत. बरोबरच आहे. जाणकार मंडळी रेषा बघतात, छायाप्रकाश बघतात, भलतीकडेच बघतात. साहेबांची नजर मात्र नेमक्या जागी गेली.

सूझा गोव्यातल्या साळगावचे. २०२४ हे त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष. लंडनच्या टेट संग्रहालयानं त्यांचं चित्र संग्रहात ठेवलं, आपण गोदामात ठेवलं. जतन दोघांनीही केलं म्हणायचं. पदमसींचा आणि सरकारचा घरोबा तर त्याहून जुना. १९५४ साली जहांगीरमधल्या त्यांच्या ‘लव्हर्स’ चित्रांवर पोलीस धावून गेले, कारण पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर होता. कोर्टानं पदमसींना सोडलं. चित्रकार कसा सुटला हे कोडं बहुधा खात्याला ७० वर्षं छळत असावं.

२५ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं जप्ती रद्द केली. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, अधिकाऱ्याची वैयक्तिक मतं म्हणजे कायदा नव्हे, असं बजावून दोन आठवड्यांत चित्रं परत द्यायला सांगितलं. एवढं साधं वाक्य समजावायला उच्च न्यायालय लागलं, याचा खर्च कुणाच्या खिशातून गेला हे विचारू नका. तुमच्याच.

जिच्या आधारे जप्ती झाली ती १९६४ ची अधिसूचना मात्र ठणठणीत आहे. तेव्हा वाचकहो, परदेशातून चित्र आणायचंच असेल तर निसर्गचित्र आणा. आणि झाडं शिशिरातली नाहीत ना, तेवढं आधी बघून घ्या.