डाकोटातली घसरगुंडी

डीसी-३ जमिनीवर उभं असताना नाक वर करून बसतं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं. त्यामुळे मागच्या दारातून आत शिरलं की समोर चढच लागतो. प्रशिक्षकाला बांधून घेऊन पॅराशूटनं उडी मारणारे सगळ्यांत शेवटी बाहेर पडतात, म्हणून त्यांना पार पुढे, वैमानिकाच्या पाठीशी नेऊन बसवतात. म्हणजे सबंध घाट माझ्या वाट्याला.

दक्षिण कॅलिफोर्नियातलं उन्हानं भाजलेलं गाव, मुलीनं दिलेली वाढदिवसाची भेट, आणि मी, नागपूरचा निवृत्त विमा एजंट. आधी कागद आले. दर परिच्छेदाखाली सही. मृत्यू, कायमचं अपंगत्व हे शब्द मी जन्मभर लोकांच्या घरी चहा पीत उच्चारले. माझ्यापुढे कधी कुणी ठेवले नव्हते. काउंटरवरच्या पोरीला मी विचारलं, "नॉमिनीचा रकाना कुठाय?"

"नाही, सर. कुणाला काही द्यायचंच नाहीये."

इतकी स्वच्छ पॉलिसी मी आजवर वाचली नव्हती. मग वजनकाटा. ठरलेल्या वजनाच्या वर गेलात की जादा पैसे. मी गेलो होतो. हल्ली मी सगळीकडेच जातो.

बाहेर एक माणूस हातानं पंखा फिरवत होता. या इंजिनात चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं, तसंच चालू केलं तर इंजिन मोडू शकतं. खाली तेलाचा डाग होता. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "गळतंय तोवर ठीक. गळायचं थांबलं की काळजी करा." क्लेम नाकारताना आम्ही असंच बोलायचो.

चढ चढून मी वर पोचलो. मागून प्रशिक्षकानं गॉगलसाठी हाक मारली, मी वळलो, बुटाखालचा पत्रा सरकला आणि मी निघालो. वाटेत तीसेक लोक पॅराशूटं पाठीला लावून चढत होते. धडक मी देत होतो आणि 'सॉरी' ते म्हणत होते. कशाला तरी धरावं म्हणून हात घातला, तर हातात एका गृहस्थाच्या छातीवरचं धातूचं कडं आलं. ते राखीव पॅराशूटचं होतं. त्यात स्प्रिंग असते. डबी उघडताच उसळणाऱ्या खेळण्यातल्या सापासारखं काहीतरी त्याच्या पाठीतून उडून छताला लागलं, आणि आम्ही सगळे मिळून दारापाशी जमा झालो. माझा एक पाय विमानाबाहेर.

खालचा तेलवाला म्हणाला, "सर, अजून उडालं नाहीये."

राखीव पॅराशूट परवानाधारक माणसाकडूनच पुन्हा घडी करून घ्यावं लागतं. तो गृहस्थ मुकाट्यानं उतरला. पैसे देऊ केले तर घेईना. उलट मला लागलं का म्हणून विचारलं. अशा वेळी माणसानं दोन शिव्या द्याव्यात. चांगुलपणाचा मला फार राग येतो, कारण त्याला उत्तर नसतं. थर्ड पार्टीचं कलम त्या कागदात होतं का, तेही मला आठवेना.

मग इंजिनं चालू झाली. निळसर धूर, खोकला, आणि एकदम सलग घरघर. विमान धावायला लागलं, शेपटी उचलली आणि पायाखालची जमीन सपाट झाली. हा आवाज मला माहीत होता.

१९४९ पासून रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघून मध्यरात्री नागपूरला सोनेगावात भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. सुरुवातीला ती डाकोटाच होती, म्हणजे हेच, डीसी-३. बाबा टपालखात्यात होते. थैल्या मोजून वर चढवायचे, पहाटे घरी येऊन पाय चोळत बसायचे. आई विचारायची, विमानात कसले पाय दुखतात? ते विमानात बसले कधीच नाहीत. त्या चढावर मात्र किती ओझी वाहिली असतील! बुटाचा तळवा कसा असावा, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं असतं.

तेरा हजार फुटांवरून वाळवंट खाकी दिसतं. उडीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही: दार, वारा, ताशी दोनशे किलोमीटर, आणि दोघांचं वजन आवरायला मागे सोडलेलं एक छोटं पॅराशूट. त्या बिचाऱ्यावर जादा पैसे घेऊनही अन्यायच झाला. मोठं उघडल्यावर प्रशिक्षक कानाशी म्हणाला, "पाय वर, पाय वर!" आम्ही गवतावर बसल्या बसल्या उतरलो. घसरण्याचा सराव होताच.

हेल्मेटवर कॅमेरा लावलेला माणूस सुरुवातीपासून चित्रण करत होता. उडीच्या व्हिडिओचे पैसे पडले. विमानातला त्यानं फुकट दिला. मुलीनं दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकले. उडी कुणी पाहिली नाही. घसरगुंडी मात्र संध्याकाळपर्यंत नागपुरात धरमपेठेत पोचली होती, आणि माझ्या एका जुन्या पॉलिसीधारकाचा मेसेज आला: "भाऊ, माझी पॉलिसी चालू आहे ना बे?"